देव पाण्यात

लातूर वेगळा जिल्हा झाला, कलेक्टर आला. आमच्या गावात पाऊस तेवढा आला नाही. मग मठाच्या पंचांनी महादेव पाण्यात कोंडायचं ठरवलं. गाभाऱ्यातलं पाणी मागच्या गल्लीत सोडणारं गोमुख आतून बोळ्यानं बंद करायचं आणि पिंड बुडेपर्यंत पाणी ओतायचं. देव गुदमरला की पाऊस पाडतो म्हणतात.

टँकर मठात शिरताना गल्लीतली चांगुणा रिकामी घागर घेऊन आडवी आली. "अप्पा, लेकरू सकाळपासून पाणी मागायलंय. एक घागर द्या."

"आधी देव बुडू दे," मठाचे मुख्य पंच महादेवप्पा म्हणाले. "पाऊस पडला की समद्यांनाच हाय." आणि त्यांनी फाटक लावून घेतलं.

पुजारी मलप्पा बोळा घेऊन एकटाच गाभाऱ्यात उतरला. पाइप सुरू झाला. संध्याकाळपर्यंत तीन टँकर रिते झाले, तरी पाणी पिंडीच्या बुडाशीच घुटमळत राहिलं. दारात उभ्या महादेवप्पांनी आत हाक दिली.

"मलप्पा, देव कोपला का रे?"

"कोपला न्हाई, अप्पा," आतल्या अंधारातून मलप्पा शांतपणे म्हणाला. "लई तहानलाय. अजून एक टँकर मागवा."



बोळा त्याच्या कमरेलाच खोचलेला होता. चांगुणाची घागर कधीच भरली होती, पण गोमुखापाशी अजून निम्मी वस्ती रांगेत उभी होती.