उस्तादांचं नाक

पस्तीस वर्षं हॉटेलच्या भटारखान्यावर राज्य केलेले उस्ताद अर्धांगवायूचा झटका आल्यापासून अंथरुणाला खिळले होते. हातपाय गेले, वाचा गेली. डोकं आणि नाक तेवढं शाबूत राहिलं.

आज लेकीने त्यांच्याच वहीत बघून चिकन आणि ब्रोकोलीचं, वर चीज पसरून भाजायचं क्रीमवालं कॅसरोल ओव्हनमध्ये ठेवलं आणि ती त्यांच्या उशाशी फोनवर बोलत बसली. सर्दीने तिचं नाक पार चोंदलं होतं.

"बाबांना आता काहीच कळत नाही गं, आत्या."

चीज करपल्याचा वास उस्तादांना केव्हाच आला होता. त्यांनी सगळा जीव एकवटून घशातून आवाज काढला. लेकीने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. "थंडी वाजतेय का, बाबा?"

ओव्हन उघडल्यावर तिने कपाळावर हात मारला. वरचा काळा थर खरवडून टाकला, उरलेलं मऊ कालवलं आणि चमचा त्यांच्या तोंडाशी नेला. ज्यांच्या भटारखान्यातून करपलेला एक घास कधी बाहेर गेला नव्हता, त्यांनी तो मुकाट गिळला. डोळ्यांना धारा लागल्या.

लेकीने घाईघाईने पुन्हा फोन लावला.



"आत्या, कळतंय गं बाबांना! इतकं आवडलंय, की डोळ्यांतलं पाणी थांबत नाहीये."