तळहात

ईरप्पांचे कान गेल्यापासून त्यांनी दुरुस्तीचं दुकान बंद करावं, म्हणून चिंचोळीत कामाला जाणारी लेक शिवानी हट्टाला पेटली होती. “मठाचा अँप्लिफायर तेवढा करून देतो, मग बगू,” म्हणत त्यांनी फुगलेला कंडेन्सर बदलला, बटण दाबलं आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. “हमिंग थांबलं का गं?” स्पीकरमधून बारीक घूंऽऽ चालूच होतं. पण बापाचा घामेजलेला चेहरा बघून तिला गलबलून आलं. “थांबलं की, आप्पा,” म्हणत तिनं मान डोलावली. ईरप्पांनी स्पीकरच्या कागदी पडद्यावर तळहात टेकला. कागद थरथरत होता. त्यांनी प्लग काढला, बोटांनी चाचपून अर्थिंगच्या तारेचा सुटलेला सांधा शोधला, सोल्डरनं पक्का केला. परत बटण दाबलं, पण विचारलं नाही. लेकीचाच हात धरून कागदावर ठेवला. कागद गप्प होता. “आता म्हण, थांबलं की!”