साहेबांना निवडून द्या

"पण मत द्याचं कायले, थे सांगा ना बाई," असं म्हणत लालीबाईनं वालाच्या शेंगांची टोपली सुचित्राकाकूंच्या पुढ्यात सरकवली. दारात आलेल्या माणसाला नुसतं बसू देईल तर ती लालीबाई कसली!

काकूंनी शेंगा सोलायला घेतल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नगरपालिकेच्या माजी अध्यक्षांना, म्हणजे किसनरावांना, पुन्हा का निवडून द्यायचं, हे त्या सकाळपासून दारोदार सांगत होत्या. साहेब खुर्चीवर होते तेव्हा उजाडायच्या आत घराबाहेर पडायचे. गावातली एक नाली अशी नव्हती जिच्या काठावर ते स्वतः उभे राहिले नसतील. कुणाचं बारसं असो, कुणाची माती असो, दोन भावांचं शेताच्या धुऱ्यावरून भांडण असो, साहेब हजर. अख्खा दिवस लोकांत.

लालीबाई हसली. साहेब हजर असायचे, हे तिला मान्यच होतं. झाडणाऱ्या बाईला झाडू कसा धरायचा ते शिकवायचे, भजेवाल्याला भजं कधी पलटवायचं ते सांगायचे. एकदा तर बाजारात तिच्याच टोपलीतली वांगी त्यांनी लहान-मोठी अशी लावून दिली होती. नाली मात्र आजही तुंबलेलीच होती.

"असा माणूस रिकामा ठेवू नये, लालीबाई," काकू म्हणाल्या. बोलून बोलून त्यांचा आवाज बसला होता. "त्याला खुर्ची लागतेच."

लालीबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. काकू पार वाळल्या होत्या, डोळ्यांखाली काळं आलं होतं. बिमार आहात का, असं तिनं विचारलं तर काकूंनी नुसती मान हलवली. शेवटी "पाहू" एवढाच शब्द मिळाला आणि तो पदराला बांधून काकू उठल्या.

पालिकेवर प्रशासक बसला, निवडणूक आज होईल, उद्या होईल म्हणता म्हणता लांबत गेली, ती सगळी वर्षं काकूंनी कशी काढली ते त्यांचं त्यांना ठाऊक. चहाला पाणी किती ठेवायचं, इथूनच दिवस अडायचा. थेंब सांडला तरी जीव धसकायचा. दिवा लावायचा तर आधी दोनदा विचार. यवतमाळला दिलेली लेक, अनघा, फोनवर सारखी म्हणायची, आई, तू इकडे निघून ये. पण निघणं इतकं सोपं असतं तर! आणखी पाच वर्षं हे असंच चाललं तर आपण काही जगत नाही, असं काकूंच्या मनानं घेतलं होतं. साहेब निवडून आले तरच सुटका.

संघदीपच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात चार पोरं कायम बसलेली असत. तो एक वळला तर चार वळतील, म्हणून काकू तिथं गेल्या.

"तुमी तर म्हणसानच, काकू," मोबाइलमधलं डोकं वर न काढता संघदीप म्हणाला. "पण साहेबाइनं आमच्या वॉर्डाले देल्लं काय? भाषणच ना?"

पोरं खिदळली. यंदा साहेबांच्या विरोधात दीपमालाताई उभी आहे, तो सांगू लागला. दवाखान्यातली नोकरी सोडून उभी राहिली. कोरोनात घरोघरी गोळ्या घेऊन फिरणारी तीच होती. मग त्यानं मान वर केली.

"तुमालेच इचारतो. खरं सांगा. दीपमालाताई चांगली का साहेब?"

काकूंनी दुकानाबाहेर कुणी ऐकत नाही ना, ते आधी पाहून घेतलं.

"दीपमाला चांगली आहे," त्या म्हणाल्या.

"मंग?"

"मग काही नाही रे. तिला पुढच्या वेळी दे. ती तरुण आहे, तिच्याकडे वेळ आहे. माझ्याकडे नाही."

पोरांचं हसणं थांबलं. संघदीपनं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि काकूंसाठी चहा सांगितला. काकूंनी तो घेतला नाही. अजून अख्खी गल्ली बाकी होती.

मतदानाच्या दिवशी काकूंनी अध्यक्षाचं बटण दाबलं आणि मागं वळून थेट बाहेर निघाल्या. "आजी, नगरसेवकांची मतं राहिली," म्हणत कर्मचारी मागं धावला. काकू परत आल्या. उरलेली बटणं त्यांनी कुणाची दाबली, हे त्यांना विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

निकालाच्या दिवशी त्या मोजणीच्या जागेबाहेर, रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. लालीबाई सोबत होती. आत काय चाललंय काही कळेना. काकू प्रत्येक बाहेर येणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत होत्या. मग एकदम फटाके फुटले, डीजे सुरू झाला आणि गुलालाच्या ढगातून दीपमाला पोरांच्या खांद्यावर बसून बाहेर आली. तिला उचलणाऱ्यांत संघदीप सगळ्यांच्या पुढं होता.

काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

लालीबाईनं त्यांचा हात धरला. पोट्टी कामाची आहे, नळाला पाणी आणेल, नाली काढेल, असं ती समजावत राहिली. काकूंनी मान डोलावली. आणेल, काढेल, त्यांना पटत होतं. तरी पाणी थांबेना.

"आन् बरंच झालं ना बाई," लालीबाई म्हणाली. "आता साहेबाइले बी आराम भेटन."

काकू तिथंच, रस्त्याच्या कडेला, मटकन खाली बसल्या.

दिवेलागणीला त्या घरी पोचल्या. चप्पल काढून आत गेल्या तर स्वयंपाकघरातले सगळे डबे जमिनीवर रांगेत मांडलेले, झाकणं उघडी, आणि रांगेच्या टोकाला खुर्ची टाकून किसनराव बसलेले.

"आलीस?" माजी अध्यक्ष बायकोला म्हणाले. "बस. आता पाच वर्षं मी घरीच. आज डब्यांपासून सुरुवात करू."