पंधरा सेंटिमीटर

"किडा डोक्याकडून धरायचा, नाहीतर चावतो," म्हातारा इसोबे शहरातून आलेल्या जोडप्याला सांगत होता. दोघांच्या हातात गळाच्या कोऱ्या करकरीत काठ्या होत्या आणि डोक्यावर एकसारख्या टोप्या. "आणि टोचलं की लगेच हिसका मारायचा नाही. मुडदुशी आधी चाखते, मग गिळते. मागच्या उन्हाळ्यात समोरच्या वाळूवरून मी एका सकाळी साठ काढल्या."

"परवा चाळीस म्हणाला होतास," गल्ल्यामागून गेन्झो म्हणाला.

गेन्झोचं दुकान बंदराच्या तोंडाशी. गळ, दोरे, भुशात ठेवलेले किडे, आणि उन्हाळ्यात येईल त्याला थंडगार बार्लीचा चहा. पण लोक थांबायचे ते भिंतीपुढे. कुणी मासा आणला की गेन्झो त्याला शाई फासायचा आणि वर कागद दाबायचा. कागदावर उठलेल्या माशाखाली धरणाऱ्याचं नाव, तारीख, लांबी आणि शेवटी मासा डोळ्यांनी पाहणाऱ्या साक्षीदाराची सही. असे कागद भिंतभर होते. गप्पांमध्ये मासा हवा तेवढा वाढू दे, भिंतीवर मात्र गेन्झोची पट्टी चालायची. सख्ख्या भावाचा मासा त्याने अर्ध्या सेंटिमीटरवरून परत पाठवला होता. भाऊ दोन वर्षं त्याच्याशी बोलत नव्हता.

दार सरकलं आणि हिसानो आत आली. इसोबेची साठ मुडदुश्यांची गोष्ट तोंडातच राहिली. मोरिओला जाऊन पन्नास दिवस झाले होते. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी आटोपून त्याची बायको आज पहिल्यांदाच इकडे आली होती.

"या वहिनी, बसा," गेन्झो म्हणाला.

ती बसली नाही. तिने रुमालात गुंडाळलेला कागद काढून गल्ल्यावर पसरला.

कागद गेन्झोच्या ओळखीचा होता. मोरिओने या बाईला आयुष्यभर चिडवलं होतं, किडा दिसला की आमची ही खुर्चीवर चढते म्हणून. तो दवाखान्यात पडला, डॉक्टरांनी आशा सोडली, आणि ही त्याची काठी घेऊन पहाटे वाळूवर येऊन उभी राहायला लागली. सहा दिवस हात हलवत परत गेली. सातव्या दिवशी एक मुडदुशी लागली. गेन्झोनेच ती मोजली, चौदा भरली. त्यानेच तिचा ठसा उठवून दिला. लांबी आणि साक्षीदार, या दोन जागा तिने कोऱ्या ठेवायला लावल्या आणि कागद नि बर्फात ठेवलेला मासा घेऊन ती तशीच दवाखान्यात गेली.

आता लांबीच्या जागी पंधरा लिहिलेलं होतं.

"भावजी, हा त्यांच्या माशांशेजारी लावा. तेच म्हणाले होते, दुकानात लाव. आणि चार दिवसांवर ओबोन आलाय. गेलेली माणसं घरी येतात, तसे हेही येतील. पण घरी कसले येतायत? आधी इथंच येतील, मासा लावलाय का बघायला."

गेन्झोचा हात सवयीने पट्टीकडे गेला. त्याची त्यालाच लाज वाटली, तरी त्याने पट्टी माशाला लावून पाहिली. शाईचा मासा थोडाच वाढणार होता!

"वहिनी, चौदा आहे हो."

"माहीत आहे मला. मी चौदाच लिहीत होते." हिसानोने अंगठा आणि तर्जनी ताणून माशावर ठेवली. "त्यांनी असं बोटांनी मापलं. म्हणाले, चौदाला कोण विचारतंय, पंधरा लिही. नर्स ओरडत होती, आधी तो मासा बाहेर न्या म्हणून. आणि हे हसत होते. कितीतरी दिवसांनी हसले, भावजी."

इसोबेने नाक ओढलं आणि उगाचच किड्यांच्या डब्यात डोकावून पाहिलं.

गेन्झोने कागद जवळ घेतला. साक्षीदाराच्या जागी मोरिओने आपलं नाव लिहायला घेतलं होतं. पहिलं अक्षर वाकडंतिकडं पण पूर्ण. दुसऱ्याची एकच रेघ, आणि तीही खाली घसरत कागदाच्या कडेपर्यंत गेलेली.

"दमलो म्हणाले," हिसानो म्हणाली. "उरलेलं उद्या लिहितो म्हणाले."

मग इसोबे हळूच म्हणाला, "उरलेलं तुम्ही लिहून टाका ना वहिनी. कुणाला कळतंय?"

"नको. ते लिहिणार होते."

गेन्झोला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. तीस वर्षं मोरिओने भिंतीवर एक मिलिमीटरही खोटा लावला नव्हता, आणि लावला तो हा. पट्टी उचलून त्याने खणात टाकली. मग स्टुलावर चढून मोरिओचे दोन कागद थोडे बाजूला सरकवले आणि मध्ये हा लावला. चार कोपऱ्यांना चार टाचण्या. कडेची ती रेघ टाचणीखाली जाऊ नये म्हणून चौथी टाचणी त्याने दोनदा काढून पुन्हा लावली.

त्या जोडप्यातली टोपीवाली मुलगी एवढा वेळ एका बाजूला उभी होती. तिला यातलं काय कळलं कोण जाणे. भिंतीकडे मान वर करून तिने विचारलं, "आजोबा, पहिल्यांदा एवढी तरी मिळेल ना आम्हाला? केवढी आहे ही?"

"पंधरा," स्टुलावरूनच गेन्झो म्हणाला.

इसोबेने चमकून वर पाहिलं.

"नीट पंधरा," गेन्झो म्हणाला. "मीच मोजलीय."