पाच जणांचा वाटा

माजी सैनिकांच्या खोलीत सहा खुर्च्या, सहा मनगटी पट्टे आणि चहाचे सहा कप होते. भूसुरुंगात पाय गमावलेल्या सुभेदार निकमांच्या शरीरातली वेदना दर रविवारी तासभर या पट्ट्यांतून वाटली जाई. पाच जुने साथीदार आणि स्वतः निकम, प्रत्येकाला सहावा हिस्सा.

"आज अजिबात दुखत नाही रे," निकम हसले. "म्हातारे झालात, पण दम आहे अजून."

"चहा घ्या, साहेब," हवालदार इनामदार म्हणाले आणि थांबले. त्यांचा हात छातीवर गेला. मग शेजारच्या मान्यांचा. मग पाचही जणांचा.

पट्टे सांभाळणारी ऋतुजा धावत आली. "पाय दुखतोय का?"

"पाय नाही, पोरी. छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय."

एकाच क्षणी पाच जणांना झटका येत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने निकमांकडे पाहिलं. "साहेबांचा हिस्सा कुणी घेतला?"

इनामदारांनी मान खाली घातली. "मी. गुपचूप माझ्या पट्ट्याची चकती फिरवून वाटा थोडा वाढवला."

"मीही," माने म्हणाले. उरलेल्या तिघांनीही हात वर केले.

"काय नाटक लावलंय सगळ्यांनी?" निकमांचं कपाळ घामाने भिजलं होतं. हातातला कप बशीवर खडखडत होता. "मला काय धाड भरलीय?"

ऋतुजाने रुग्णवाहिकेला फोन लावला आणि निकमांच्या पट्ट्यावरचे आकडे वाचून दाखवले.

वेदना शून्य. नाडी चौतीस.