एका दाढेचं पिल्लू

"एका दाढेवरून अख्खा प्राणी सांगता, ह्या थापाच नाहीत का हो, मॅडम?" मैत्रिणींनी भेळेची पैज लावली होती, म्हणून ईश्वरीने सहलीत सगळ्यांदेखत विचारलंच.

जीवाश्मतज्ज्ञ डॉ. चिटणवीस हसल्या. "थापा नाही गं, अंदाज. हा प्राणी पाण्याला भिणारा, असं तीस वर्षं लिहितेय. अंदाजच बांधला नसता, तर आज तपासणार काय?"

त्याच दाढेतून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पिल्लाचा पिंजरा त्यांनी तळ्याकाठी उघडला. पिल्लाने हवा हुंगली आणि सरळ पाण्यात सूर मारला. चार कोटी वर्षांनी ते पोहणं पुन्हा जगात आलं होतं. ईश्वरीच्या अंगावर सरसरून काटा आला.

"चुकले गं बाई, चुकले!" मॅडम टाळ्या पिटत नाचत होत्या.

घरी ती दप्तरासकट स्वयंपाकघरात घुसली. "आई, बाबा, इंजिनिअरिंगचा क्लास बंद. मी हाडं खणणार आणि दणकून चुकणार!"