बासष्ट पावलं

रोह्याच्या कंपनीत जपानी पद्धत शिकून आलेला नवा साहेब वही घेऊन आमची पावलं मोजायचा. फुकटची चाल बंद, फुकटची वस्तू बाहेर. ॲसिडच्या पंपाजवळ पाण्याचं पिंप होतं. सहा महिने कुणी वापरलं नाही, म्हणून त्यानं ते भंगारात काढलं. “साहेब, सहा महिन्यांत कुणी भाजला नाय, म्हणून ते लागलं नाय,” मी म्हटलं. तो हसला. आज त्याच पंपाचा पाइप फुटला आणि आमच्या महिपतीचा हात कोपरापर्यंत भाजला. बादली घेऊन मी आवाराच्या टोकाच्या नळाकडं धावलो, रागानं एकेक पाऊल मोजत. महिपतीच्या हातावर पाणी ओतत होतो, तेवढ्यात साहेब वही घेऊन आला. “काय झालं?” मी वर पाहिलं नाही. “लिवा, साहेब. पाण्यापर्यंत बासष्ट पावलं. जाताना बासष्ट, येताना बासष्ट. यातली फुकटची कुठली, तेवढी खोडा.”